मंत्राला उजेड लागतो

छोटी तिशी ओलांडून गेली तरी छोटीच राहिली होती, आणि याला जबाबदार तिची मावशी. आईवडिलांच्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून शाळेसाठी पोरीला मावशीकडे ठेवलं, ते वर्षभरासाठी. शाळा संपली, शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी ते वर्ष काही संपेना. दोघी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत, एकमेकींच्या चपला घालत आणि एकमेकींवर डाफरत.

छोटी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात बसवायचे, प्लास्टरच्या साच्यावर चावून बघायचे, केसभर फरक आला तर पुन्हा पहिल्यापासून. असं काम दिवसभर करणाऱ्या माणसाचा स्वभाव कसा होतो हे सांगायला नको. लॅबमधली माणसं तिच्या पाठीमागे तिला कानस म्हणत. मावशीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं म्हणतात. घरी तर मी तिला पॉलिशपेपर म्हणून भागवते."

या कानशीची एकच चैन होती, ती शनिवारच्या दुपारची. जेवणाचं टेबल पुसून घ्यायचं, आखूड पायाखाली पुठ्ठा सरकवायचा आणि खेळ मांडायचा. खेळ सोंगट्यांचा नाही, पत्त्यांचाही नाही. एक जण मास्टर होतो, पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करतो ते तोंडाने सांगतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मास्टर अर्थात छोटी. कॉलेजात असताना हा खेळ तिने घरी आणला आणि पहिल्याच दिवशी मावशीला टेबलाशी बसवलं. बेकरीत पहाटेच्या भट्टीवर मुकादमी करणारी मावशी त्या दिवसापासून मांजरपावली नावाची चोरटी झाली, आणि बारा वर्षं तीच चोरटी जिवंत राखून होती. पुढे इमारतीला टपाल देणारा पोस्टमन आला, त्याचा खाणीत जन्मलेला बुटका लढवय्या आला. तळमजल्यावर राहणाऱ्या शाळेतल्या बाई आल्या, त्यांची वैद्यीण आली. सोंगट्या म्हणून लॅबमधले वाया गेलेले प्लास्टरचे दात वापरत. मावशीचा सुळा, पोस्टमनची अक्कलदाढ, बाईंचा पटाशीचा दात.

छोटीचा जीव अडकला होता तो उजेडाच्या नियमांत. उजेड तीन प्रकारचा: लख्ख, अंधूक आणि काळोख. लख्ख उजेडात सगळं दिसतं. अंधुकात दिसतं, पण भरवसा नाही. काळोखात माणूस आंधळा, आणि आंधळ्या जादूगाराची जादू निम्मी मेली, कारण बहुतेक मंत्रांना समोरचा दिसावा लागतो, नाहीतर तो नेमका कुठे आहे हे पक्कं ठाऊक असावं लागतं. "त्या तिकडे कुठेतरी" म्हणून मंत्र सोडला तर तो वाया. मशाल किती पावलं उजेड देते, वारा असला तर किती, ओली असली तर किती, हे सगळं छोटीने टाइप करून, लॅमिनेट करून टेबलावर ठेवलं होतं. खाली खेळाचे इतर शिरस्तेही होते.

आणि बारा वर्षांत ते पान कोणाच्या कामी आलं नव्हतं. मावशीची चोरटी लांब कानांची एल्फ, तिला काळोखात दिसतं. पोस्टमनच्या बुटक्याला तर उन्हातच कमी दिसायचं. बाईंनी आपलं पात्र निवडतानाच विचारलं होतं, "काळोखात दिसणारी आहे का एखादी? मशाल धरत बसायला मला हात मोकळा नाही." त्यामुळे छोटीने हौसेने रचलेली भुयारं ही मंडळी भाजी आणायला निघाल्यासारखी पार करत. एवढा सुरेख काळोख, आणि कोणी साधं ठेचकाळतसुद्धा नव्हतं.

मग लिफ्टवाले आले.

हे लिफ्ट दुरुस्त करणारे गृहस्थ मुळात आले ते मावशीला सोडवायला. एका दुपारी वीज गेली आणि मावशी तुटक्या बिस्किटांच्या पिशवीसकट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत मिट्ट काळोख. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "बाई, मी तुमच्या डोक्यावर आहे. आता मी ब्रेक सोडून लिफ्ट हाताने खाली घेणार आहे. ऐकू आलं असेल तर माझे शब्द परत म्हणा." मावशीला हुकूम देणारा माणूस अजून जन्मायचा होता, तरी ती मुकाट्याने म्हणाली, "तुम्ही ब्रेक सोडून लिफ्ट हाताने खाली घेणार आहात." "बरोबर," वरून उत्तर आलं, आणि मगच लिफ्ट हलली. लिफ्टच्या बोळात एक माणूस वर असतो, एक खाली, एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून आपण कुठे आहोत ते आधी सांगायचं, आतून उत्तर आल्याशिवाय काही हलवायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा. "एवढं नीट मला आयुष्यात कोणी काही सांगितलं नव्हतं," मावशी नंतर म्हणाली. त्यानंतर त्या लिफ्टची जी देखभाल सुरू झाली, ती बघून खालचे भाडेकरू चकित झाले. लिफ्टवाले विधुर होते, मुलगा परगावी, आणि नदीपलीकडे त्यांचं छोटं घर होतं.

एकदा भांडी विसळताना मावशी पाठमोरीच म्हणाली, "त्यांनी लग्नाचं विचारलंय मला. मी म्हटलंय, छोटी हो म्हणाली तर."

छोटी ताट पुसत होती. ती म्हणाली, "बघू."

त्या "बघू"चे पुढे आठ महिने झाले. छोटीने नाही म्हटलं नव्हतं; तेवढी ती वाईट नव्हती. हो मात्र तिच्या तोंडून निघेना. मावशी नदीपलीकडे जाणार, म्हणजे शनिवार जाणार, सकाळची भांडणं जाणार, आणि आपण या दोन खोल्यांत एकट्याच खुर्च्या मोजत बसणार, हा विचार तिचा पिच्छा सोडेना. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. उलट विषय निघाला की तिला लॅबमधलं काहीतरी अर्जंट आठवायचं. जी बाई मशालीच्या उजेडाची पावलं मोजून सांगायची, तिने दोन वडीलधाऱ्या माणसांना आठ महिने ठार काळोखात उभं करून ठेवलं होतं.

मावशी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने पहिल्याच महिन्यात लिफ्टवाल्यांना सांगितलं, "ती दुसरीकडे कुठे सापडायची नाही. ती खरी भेटते ती शनिवारी, त्या पुठ्ठ्यामागे. या तुम्ही खेळायला."

लिफ्टवाले आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पात्र निवडताना म्हणाले, "माणूस घेतो. जादूगार."

"अहो, माणसाला काळोखात दिसत नाही," पोस्टमनने सावध केलं.

"मला तरी कुठे दिसतं? पण आजवर काम अडलं नाही."

जादूगाराचं नाव त्यांनी मिस्त्री ठेवलं. मंत्र तीन घेतले: उजेड, ठिणगी आणि खेच. खेच म्हणजे एखाद्याला तो असेल तिथून ओढून आपल्याजवळ आणायचं; जागा बरोबर सांगितली तर फासासुद्धा लागत नाही, चुकली तर मंत्र गेला. "हा आपल्या ओळखीचा आहे," ते म्हणाले. सोंगटी म्हणून छोटीने त्यांना, नवशिक्याला शोभेल असा, दुधाचा दात दिला. त्यांनी तो तळहातावर घेऊन कौतुकाने पाहिला आणि तिच्या कारागिरीबद्दल दोन शब्द बोलले. त्यामुळे टोमणा वाया गेला, आणि छोटीला जास्तच राग आला.

पण खरं सांगायचं तर तिला आनंदही झाला होता. बारा वर्षांनी तिच्या पानाला गिऱ्हाईक मिळालं होतं.

"मी त्या राक्षसावर ठिणगी टाकतो," लिफ्टवाले म्हणायचे.

"कुठल्या?"

"आत्ता तुम्ही सांगितलात तो."

"मी यांना सांगितलं. यांना दिसतोय. तुम्हाला काळोख दिसतोय."

"मग उजेड लावतो."

"लावा. आता राक्षसालाही तुम्ही दिसलात."

असं दर शनिवारी. उजेड लावला तर वटवाघळं अंगावर यायची, नाही लावला तर मिस्त्री खांबावर आदळायचा. एकदा तर तो खड्ड्यात पडला आणि वर येईपर्यंत लढाई संपून चहा झाला. लिफ्टवाल्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त एक सवय त्यांची सुटेना. प्रत्येक पाळीला ते आधी जाहीर करायचे, "मी दाराच्या आत, डाव्या भिंतीला हात लावून उभा आहे. आता दोन पावलं पुढे येतोय. कळलं?" आणि कोणी "कळलं" म्हटल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

"पत्ता झकास सांगता," पोस्टमन म्हणायचा. "मजला आणि खोली नंबर तेवढा राहिला."

सगळे हसायचे, लिफ्टवालेही हसायचे, आणि पुढच्या पाळीला पुन्हा पत्ता सांगायचे. मावशी तेवढी दर वेळी "कळलं" म्हणायची. छोटीला ते "कळलं" ऐकवत नसे.

मग छोटीने काजळीण काढली. गोष्टीची गरज म्हणून काढली, असं ती स्वतःला सांगत होती. खरं कारण वेगळं होतं. काजळीण ही गुहेत राहणारी चेटकीण, आणि ती पसरवते तो काळोख साधा नव्हे. त्यात एल्फला दिसत नाही, बुटक्याला दिसत नाही, आणि उजेडाचा मंत्र लावला तर ती तो गिळून टाकते. लिफ्टवाल्यांचा सगळ्यात लाडका मंत्र तोच. दोनचार शनिवार काहीच करता आलं नाही की माणूस कंटाळेल, इस्त्रीचा शर्ट कपाटात जाईल, आणि "बघू" आपोआप निकालात निघेल, असा छोटीचा हिशेब. गोड मुलगी आहे, पण हिशेब कडू होता.

त्या शनिवारी खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं, आणि त्या उन्हात बसून छोटी म्हणाली, "काळोख. कोणालाच काही दिसत नाही." तिने टेबलावरचे सगळे दात उचलले आणि पडद्याआड एका थाळीत मांडले. "इथून पुढे कोण कुठे आहे ते फक्त मला दिसणार. आपली चाल चिठ्ठीवर लिहून द्या. तोंडाने बोललात तर सगळ्यांना कळेल, पण काजळिणीलाही ऐकू जाईल."

पोस्टमनने चिठ्ठी दिली. बाईंनी दिली. मावशीने तर बेकरीच्या कागदी पिशवीचा कोपरा फाडून दिला.

लिफ्टवाले तोंडाने म्हणाले, "मी डाव्या भिंतीला हात लावून उभा आहे. कोणी आहे का जवळ?"

"ती तुम्हाला ऐकते," छोटीने आठवण दिली.

"ऐकू दे. आपल्या लोकांनाही ऐकू गेलं ना."

काजळिणीने ऐकलं आणि मिस्त्रीला तडाखा दिला. पण पुढच्याच पाळीला बाईंनी पानावर बोट ठेवलं. "जागा पक्की माहीत असली तर मंत्र चालतो, असं तूच लिहिलंयस. यांची जागा माहीत आहे. मी यांना बरं करते." छोटीला ते मान्य करावं लागलं. तेवढ्यात पोस्टमनलाही कंठ फुटला. "मी यांच्या आवाजाच्या दिशेने येतोय. त्यांच्या पाठीला पाठ लावून उभा राहतो. कळलं?" मावशीनेही आवाज दिला, "मी उजवीकडे, दोन पावलांवर." छोटी पडद्याआड बघत राहिली. गुहेत सगळे पांगायला हवे होते. ते एका माणसाभोवती गोळा होत होते, आणि तोही दुधाचा दात.

पुढच्या फेरीला मात्र मावशीतली चोरटी जागी झाली. बारा वर्षांचं वळण, ते थोडंच सुटतं. तिने गुपचूप पिशवीचा दुसरा कोपरा दिला: "हळूच पुढे जाते. काजळिणीच्या मागून सुरी घालते. कोणाला सांगू नको." छोटीने थाळीतला सुळा पुढे सरकवला आणि मावशीकडे फासा दिला.

एक पडला. वीस बाजूंच्या फाशावर एक पडणं म्हणजे नशिबाने पाठ फिरवणं. आता काजळिणीची पाळी. छोटीने आपला फासा पडद्याआड टाकला आणि वर्मी घाव घालणारा आकडा आला. वीस.

तिला हे नको होतं. तिने खड्डा खणला होता तो दुसऱ्याच माणसासाठी.

"धप्पकन कोणीतरी पडल्याचा आवाज आला," ती म्हणाली. "गुहा घुमते, त्यामुळे कुठून ते कळलं नाही. मांजरपावली बेशुद्ध आहे. तीन फेऱ्यांत मदत मिळाली नाही तर..." मेलेलं पात्र परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

मावशीने दोन्ही ओठ मिटून घेतले. बेशुद्ध पात्राचा खेळाडू बोलत नाही, हा छोटीचाच शिरस्ता, पानावर सगळ्यात खाली लिहिलेला. बारा वर्षांत मावशीने त्या घरातला एकही नियम पाळला नव्हता, हा एक सोडून.

पहिल्या फेरीत पोस्टमन उजवीकडे चाचपडला आणि त्याच्या हाती भिंत लागली. बाई म्हणाल्या, "मी मंत्र टाकू कुठे? जागाच माहीत नाही." दुसऱ्या फेरीत तेच झालं, फक्त कोणी हसलं नाही. हसण्यासारखं खरं तर खूप होतं. पाच मोठी माणसं, भर उन्हात, प्लास्टरच्या एका सुळ्यासाठी श्वास रोखून बसली होती. पण त्या सुळ्याबरोबर या टेबलावरचे सगळे शनिवार होते, आणि हे मावशीच्या मिटलेल्या ओठांवरून सगळ्यांना कळत होतं.

तिसरी फेरी. लिफ्टवाल्यांची पाळी.

"माझी एक खेच शिल्लक आहे," ते म्हणाले. "ती माझ्या उजवीकडे दोन पावलांवर होती. तिने स्वतः सांगितलं होतं."

थाळीत दुधाच्या दाताच्या उजवीकडे काहीच नव्हतं. सुळा लांब, खांबाच्या पलीकडे आडवा पडला होता. पण मास्टरने बोलायचं नसतं. खेळाडूने जागा सांगायची, मंत्र टाकायचा, आणि चुकला तर चुकला.

"पण मी टाकत नाही अजून," लिफ्टवाले म्हणाले. "आतून उत्तर आल्याशिवाय मी काही हलवत नाही. चुकीच्या मजल्यावरून ओढायला गेलं तर माणूस जातो."

"बेशुद्ध माणूस उत्तर देत नाही," छोटी म्हणाली.

"मग ज्याला दिसतंय त्याने द्यायचं. आम्हाला कोणालाच दिसत नाहीये. तुम्हाला दिसतंय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, लिफ्टच्या बोळात बोलावं तसा. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी थांबेन. तुमच्यावर जबरदस्ती नाही. पण मी अंदाजाने तिला हलवणार नाही."

आपण खेळाबद्दलच बोलतो आहोत असं चेहऱ्यावर ठेवायला छोटीला फार कष्ट पडले. आठ महिने हा माणूस असाच भिंतीला हात लावून उभा होता. आपण कुठे आहोत ते दर शनिवारी सांगत होता, आणि पलीकडून उत्तर येत नव्हतं म्हणून पाऊल पुढे टाकत नव्हता. तिला वाटत होतं की हा मावशीला घेऊन जायला आला आहे. घेऊन जायचं असतं तर केव्हाच गेला असता. कोण अडवणार होतं? मावशी काय, बिस्किटांच्या पिशवीसकट पुलापलीकडे गेली असती. हे दोघं थांबले होते ते तिच्यासाठी. तिला स्वतःची लाज वाटली. 

तिने पडद्यावरून मावशीकडे पाहिलं. मावशी फाशाकडे बघत होती. आपण पुढे गेलो आहोत हे तिला माहीत होतं आणि बोलायची चोरी होती.

"ती तिथे नाहीये," छोटी म्हणाली.

पोस्टमनने मान वर केली. बाईंनी चष्मा काढला. या पडद्यामागून बारा वर्षांत अशी फुकटची माहिती कधी आली नव्हती. एकदा पोस्टमन तापाने फणफणत खेळला होता तेव्हाही नाही.

"मग कुठे आहे?"

"कोणाला न सांगता पुढे गेली. तिला तशी खोडच आहे. तुमच्या समोर सरळ. भिंत डाव्या हाताला ठेवा, खांब ओलांडा, तिथून तीन पावलं."

"समोर सरळ," लिफ्टवाले म्हणाले. "भिंत डाव्या हाताला, खांब ओलांडून तीन पावलं. बरोबर?"

"बरोबर."

"खेच."

छोटीने पडद्याआडून सुळा उचलला आणि टेबलावर, उन्हात, सगळ्यांसमोर ठेवला. शेजारी दुधाचा दात ठेवला. मग तिने पुठ्ठ्याचा पडदाच मिटून बाजूला केला, कारण तो मध्ये असताना पुढचं बोलता आलं नसतं.

"आणि दुसरंही एक उत्तर राहिलंय माझ्याकडे," ती म्हणाली. "मी मुद्दाम दिलं नाही. मला भीती वाटत होती. मावशी गेली की माझं काय उरणार, असं वाटत होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती, म्हणून तुम्हाला खड्ड्यात पाडत होते. ती काजळीणसुद्धा तुम्हाला कंटाळा यावा म्हणून आणली. चुकलं माझं. माझं हो आहे."

 लिफ्टवाले सवयीने, पण या खेपेला जरा अडखळत म्हणाले, "तुमचं... हो आहे. बरोबर?"

"बरोबर. आणि शनिवार इथेच होणार. मावशीला दर शनिवारी पुलावरून घेऊन यायचं. हे पण परत म्हणा."

"दर शनिवारी पुलावरून घेऊन यायचं," ते म्हणाले.

आता सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ओठ शिवल्यासारखे बंद होते.

"मावशी, बोल की काहीतरी."

मावशीने मान हलवली आणि लॅमिनेट केलेल्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बेशुद्ध पात्राचा खेळाडू बोलत नाही.

"अगं, मी सांगतेय ना."

मावशीने बोट तिथून काढलं नाही. लग्नाचा होकार ऐकून बसलेली बाई, पण नियम म्हणजे नियम. एवढी शिस्त तिने भट्टीवरच्या पोरांना कधी लावली नव्हती.

"मी आणते तिला शुद्धीवर, आता दिसतेय ती," बाई म्हणाल्या. "पण माझ्या आधी पोस्टमनची पाळी आहे."

"सोडली," पोस्टमन म्हणाला. "मी काही करत नाही, नुसता उभा आहे. बाई, आटपा."

बाईंनी फासा टाकला. तो घाईत टाकला, त्यामुळे टेबलावरून उडून खाली गेला आणि आखूड पायाजवळच्या पुठ्ठ्यापाशी कुठेतरी गडप झाला. बाई वाकल्या, पोस्टमन वाकला, लिफ्टवाले गुडघे धरत वाकले, आणि छोटी तर सरळ टेबलाखाली शिरली. तिथे काळोख होता आणि चौघांची डोकी. तिच्या हाताला फासा लागला. तिने तो मुठीत घेतला आणि किती पडलेत ते न बघता खालूनच ओरडली, "उठली. मावशी उठली. बोल आता."

 वर मावशीने नाक पुसल्याचा आवाज आला.

"मेले, एवढ्याला आठ महिने लावतात का गं," ती म्हणाली, आणि टेबलाखाली वाकून छोटीच्या केसांवर हात ठेवून रडायला लागली.